ईजीआर व्हॉल्व्ह बंद करावा का?



आज गाडीच्या अशा भागाबद्दल बोलू या, ज्याला गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त शिव्या बसतात. त्याचं नाव ईजीआर व्हॉल्व्ह. ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंचा थोडा हिस्सा पुन्हा इंजिनात सोडणारी ही झडप.

डिझेल गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर चालली, पिकअप कमी झालं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, की आपण मेकॅनिककडे जातो. तो बॉनेट उघडतो, काजळीने माखलेली झडप काढून दाखवतो आणि म्हणतो, "साहेब, इंजिन आपलाच धूर खातंय. पत्र्याची प्लेट मारून हे बंद करून टाकू. गाडी मोकळी होईल." इंदूरला हे हिंदीत सांगतात, बडोद्याला गुजरातीत, बंगळुरूला कानडीत. सल्ला तोच. मला येणाऱ्या प्रश्नांतही हा प्रश्न नेहमीचा : सर, प्लेट मारू का?

माझं उत्तर आधीच सांगतो. मारू नका. पण फौजेत असतानाही मी जवानाला नुसतं "करू नको" सांगण्यापेक्षा कारण सांगणं पसंत करायचो. कारण कळलं की माणूस नियम स्वतःहून पाळतो. तर आज ते कारण बघू.

सुरुवात हवेपासून करू. आपण म्हणतो की इंजिनाला ऑक्सिजन लागतो. पण इंजिन जी हवा ओढतं, तिच्यात ऑक्सिजन असतो जेमतेम २१ टक्के. ७८ टक्के असतो नायट्रोजन. हा नायट्रोजन स्वभावाने शांत. आपण तो श्वासाबरोबर आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. इंजिनातही तो पाहुण्यासारखा येऊन गेला असता, तर आजच्या भाषणाची गरज नव्हती.

अडचण उष्णतेची आहे. सिलिंडरमध्ये इंधन पेटतं, तेव्हा ज्योतीचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. साधारण १५०० अंशांच्या पुढे हा शांत नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग करू लागतो, आणि तापमान जसं चढेल तसा हा वेग झपाट्याने वाढतो. यातून तयार होतात नायट्रोजनची ऑक्साइडं. त्यांना एकत्रितपणे नॉक्स म्हणतात. ही रासायनिक साखळी रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात उलगडून दाखवली, आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. धूर काळा येतो तेव्हा इंधन नीट जळलेलं नसतं. नॉक्सचं उलटं आहे. इंजिन जितकं कडक आणि गरम जळेल, तितका नॉक्स जास्त. म्हणजे गाडी उत्तम पळते आहे, धूर अजिबात दिसत नाही, आणि तरीही ती भरपूर नॉक्स सोडते आहे, असं होऊ शकतं. सायलेन्सरमधून निघतो तो बहुतांशी नायट्रिक ऑक्साइड, त्याला रंगच नसतो.

मग त्याने बिघडतं काय? बाहेर हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तो श्वासनलिकेला चुरचुरतो, दम्याच्या रुग्णाला त्रास देतो. उन्हात तो इंधनाच्या वाफांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतो. थंडीत त्याच्यापासून नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. दिल्लीपासून पाटण्यापर्यंतच्या पट्ट्यात हिवाळ्यात जे धुरकं बसतं, त्यात हे कणही असतात. दिल्लीत किंवा लखनौत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना त्याचं वर्णन करून सांगायला नको.

हे कोडं पहिल्यांदा सुटलं अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरात. तिथे १९४० च्या दशकात डोळे चुरचुरवणारं धुरकं पडायला लागलं. लोकांचा संशय कारखान्यांवर होता. कॅलटेक या संस्थेत एरी हागेन-स्मित नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. ते काम करत होते अननसाच्या स्वादावर! त्यांनी १९५० च्या सुमारास हवेकडे मोर्चा वळवला आणि दाखवून दिलं, की वाहनांमधून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांमधून येणाऱ्या हायड्रोकार्बनच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं. पुढे १९७० मध्ये अमेरिकेचा कडक हवा-कायदा आला. गाड्यांच्या नॉक्सवर मर्यादा आल्या, आणि १९७३ च्या सुमारास तिथल्या गाड्यांमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह सर्रास दिसू लागला.

आता त्याची युक्ती बघू. नॉक्स होतो उष्णतेने. म्हणजे ज्योत थोडी निवली पाहिजे, पण विझता कामा नये.

ज्यांच्या घरी चूल होती, त्यांना आठवत असेल. रात्री स्वयंपाक आटोपला की बायका निखाऱ्यांवर राख पसरून ठेवायच्या. विस्तव धुमसत राहायचा, पण भडकायचा नाही. राख म्हणजे काय? एकदा जळून झालेली वस्तू. ती पुन्हा जळत नाही, नुसती आगीच्या मध्ये येते आणि तिचा जोर कमी करते. एक्झॉस्ट वायू म्हणजे इंजिनाची राखच. त्यात कार्बन डायऑक्साइड आहे, पाण्याची वाफ आहे, नायट्रोजन आहे. हे वायू पुन्हा पेटत नाहीत.

चुलीचं साम्य इथवरच. इंजिनात या वायूंची कामं दोन. एक, ते सिलिंडरमधली जागा अडवतात, त्यामुळे आतल्या मिश्रणात ऑक्सिजनचं प्रमाण घटतं आणि ज्वलन जरा सावकाश होतं. दुसरं, ते उष्णता शोषतात. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांना तापवायला हवेपेक्षा जास्त उष्णता लागते. इंधन तेवढंच, उष्णता तेवढीच, पण वाटेकरी वाढले. परिणामी ज्योतीचं कमाल तापमान उतरतं. तापमान शे-दोनशे अंशांनी जरी उतरलं, तरी नॉक्स खूप घटतो, कारण ती साखळी तापमानालाच सगळ्यात जास्त भिते.

यंत्रणा साधी आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून एक नळी निघते आणि इंजिनात हवा जाते त्या इनटेक मॅनिफोल्डला मिळते. या वाटेवर झडप असते. जुन्या गाड्यांत ती व्हॅक्यूमने उघडायची. आता छोटी विजेची मोटर असते आणि झडप नेमकी किती उघडली हे सांगणारा सेन्सर असतो. आधुनिक डिझेल गाडीत याच वाटेवर ईजीआर कूलर असतो. तो छोट्या रेडिएटरसारखा. एका बाजूने कित्येक शे अंशांचा वायू जातो, दुसऱ्या बाजूने इंजिनाचं कूलंट. वायू थंड झाला की आकसतो, कमी जागेत जास्त मावतो आणि ज्योतही जास्त निववतो.

झडप कधी, किती उघडायची हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन थंड असताना ती सहसा बंद. चढावर किंवा ओव्हरटेक करताना तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात, की ती बंद किंवा बंद होण्याच्या बेतात, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते. एकसारख्या वेगाने, हलक्या भाराने गाडी चालते तेव्हा ती उघडी. डिझेल इंजिनात हलक्या भारावर आत जाणाऱ्या वायूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, कधी निम्म्यापर्यंत, हा परतीचा वायू असू शकतो. पेट्रोलमध्ये प्रमाण बरंच कमी.

आणि कॉम्प्युटरला कळतं कसं, की वायू खरंच आत आला? एअर फिल्टरजवळ ताजी हवा मोजणारा सेन्सर असतो. झडप उघडली की परतीचा वायू जागा घेतो, तेवढी ताजी हवा कमी ओढली जाते. झडप उघडायचा हुकूम सुटला आणि ताजी हवा घटलीच नाही, तर कॉम्प्युटर समजतो की वाट तुंबली आहे. मग दिवा लागतो. स्कॅनर लावला की बहुधा "पी ०४०१" असा कोड येतो, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा. "पी ०४०२" आला तर प्रवाह जास्त. हे दोन कोड लिहून ठेवा, मेकॅनिकशी बोलताना उपयोगी पडतील.

पेट्रोल आणि डिझेल यांत इथे मोठा फरक आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण ठरलेलं, वजनाने साधारण १४.७ ला १. त्यामुळे पुढे थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला की तो उरलेल्या नॉक्सचा बंदोबस्त करतो. पेट्रोलमध्ये ईजीआरमुळे इंधनही वाचतं, कारण थ्रॉटल जास्त उघडा ठेवता येतो आणि इंजिनाला हवा ओढायला कमी जोर लावावा लागतो. टोयोटाच्या प्रियस हायब्रिडमध्ये २००९ च्या मॉडेलपासून थंड केलेला ईजीआर आहे, तो याचसाठी. काही पेट्रोल गाड्यांत तर वेगळी झडप नसते. व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करून जळका वायू सिलिंडरमध्येच थोडा रोखून धरतात.

डिझेलला ही चैन नाही. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवेत जळतं. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि त्यामुळे थ्री-वे कन्व्हर्टर तिथे नॉक्सवर चालत नाही. म्हणून डिझेलमध्ये नॉक्स जन्मालाच येऊ न देणं महत्त्वाचं. आपल्याकडे डिझेल मोटारीला नॉक्सची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ०.२५ झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ०.०८. बीएस-६ गाडीत ईजीआरच्या जोडीला नॉक्स पकडणारा सापळा किंवा युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा आली. पण रस्त्यावरच्या बहुतेक बीएस-४ डिझेल मोटारींत नॉक्स रोखणारी मुख्य वस्तू हा ईजीआरच आहे. त्याला प्लेट मारली की मागे सांभाळणारं दुसरं कुणी नाही.

आता मेकॅनिकची बाजू ऐकू, कारण तो अगदीच खोटं बोलत नाही.

ईजीआरमुळे ज्योत निवते, ऑक्सिजन घटतो, आणि म्हणून डिझेलमध्ये काजळी वाढते. नॉक्स कमी केला की काजळी वाढते, काजळी कमी केली की नॉक्स वाढतो. डिझेल अभियंत्यांचं अर्धं आयुष्य या तारेवरच्या कसरतीत जातं. ही काजळी परतीच्या वाटेने येते. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमधून येणारी तेलकट वाफही इनटेकमध्येच येते. दोन्ही मिळून डांबरासारखा थर बसतो. झडप अडकते.

ती उघडी अडकली तर इंजिन आळशी होतं, डिझेल काळा धूर टाकतं, पेट्रोल गाडी आयडलवर थरथरते किंवा बंद पडते. बंद अडकली तर पेट्रोल गाडीत कधी नॉकिंगचा आवाज येतो, डिझेलमध्ये मात्र चालवणाऱ्याला दिव्याशिवाय काहीच जाणवत नाही. म्हणूनच "बंद असलेली बरी" असा समज पसरतो.

आणि हो, उघडी अडकलेली झडप प्लेट मारून बंद केली, की गाडीचं पिकअप खरोखर परत येतं. पण ते कशाने आलं? बिघाड गेल्यामुळे. तीच झडप साफ करून बसवली असती तरी तेवढंच आलं असतं. झडप ठीक असेल, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ती तशीही मिटते. जी गोष्ट पूर्ण ताकदीच्या वेळी बंदच असते, ती कायमची बंद करून ताकद कुठून वाढणार?

शिवाय प्लेट मारली की ताजी हवा मोजणारा सेन्सर ते पकडतो आणि पिवळा दिवा लागतो. मग दुसरं पाऊल : कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून दिवाच लागू द्यायचा नाही. त्यानंतर खरा बिघाड झाला तरी गाडी सांगणार नाही. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचं तोंड बांधण्यातला हा प्रकार. फॅक्टरीने इंधन फवारणीची वेळ ईजीआर धरून बसवलेली असते, तोही हिशेब विस्कटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही म्हणाल, प्लेट मारलेली गाडी पीयूसीला पकडली जाईल. नाही जाणार! आपल्या पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. नॉक्स मोजतच नाहीत. ईजीआर बंद केलेल्या डिझेलची काजळी कमी होते, म्हणजे तिचा पीयूसीचा आकडा आधीपेक्षा चांगला येऊ शकतो. कागदावर गाडी स्वच्छ, मालक खूश, मेकॅनिक खरा ठरला. आणि नॉक्स बिनबोभाट वाढलेला.

मोठ्या प्रमाणावर असं घडलं की काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतला प्रोग्रॅम चाचणी चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरती नॉक्सची यंत्रणा नीट चालवायचा. रस्त्यावर तीच गाडी मर्यादेच्या ४० पटीपर्यंत नॉक्स सोडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हा प्रोग्रॅम होता. कंपनीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले. आपण तेव्हा टीव्हीवर बघून म्हणालो, केवढी ही लबाडी! गल्लीतल्या गॅरेजमध्ये दोन-तीन हजार रुपये देऊन आपण करतो, ते काम तेच आहे. फरक आकाराचा.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या स्वरूपात परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, प्रदूषणाचे निकष मोडणारं वाहन चालवल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाच्या भीतीने ऐकू नका. तुमच्या गाडीमागे स्कूटरवर बसलेलं शाळकरी पोर आहे, त्याचा विचार करून ऐका.

मग करायचं काय? पाच गोष्टी सांगतो.

पहिली, दिवा लागला की आधी कोड वाचून घ्या. दिवा ईजीआरचा आहे असं धरून चालू नका. तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज, मळलेला हवेचा सेन्सर, यांचीही लक्षणं अशीच दिसतात.

दुसरी, झडप साफ करून घ्या. ती काढून, कार्बन क्लीनर आणि मऊ ब्रशने. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर बैठकीला ओरखडे पडतात आणि झडप पुन्हा नीट मिटत नाही. मोटरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका. गॅस्केट नवं टाका. बऱ्याच गाड्यांत नंतर स्कॅनरने झडपेची शून्य स्थिती कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावी लागते. ते राहिलं की लोक म्हणतात, साफ करूनही फरक पडला नाही.

तिसरी, गाडी चालवण्याची सवय. रोज दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या डिझेलमध्ये इंजिन पुरतं तापतच नाही, काजळी बसत जाते. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, जरा चढ्या आरपीएमवर चालवा. तुमचा सगळा वापर गल्लीतलाच असेल, तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका.

चौथी, तेल. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि वेळेवर. बीएस-६ डिझेलला कमी राख सोडणारं तेल लागतं. स्वस्तातलं तेल घालून वाचवलेले पैसे व्याजासकट परत द्यावे लागतात.

पाचवी, कूलंट. बाहेर गळती दिसत नाही आणि कूलंट मात्र उतरतंय, तर ईजीआर कूलर तपासून घ्या. हे हलक्यात घेऊ नका. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा कारण निघालं हेच : कूलरमधून गळलेलं कूलंट काजळीत मिसळून साचत होतं आणि गरम वायूने पेटत होतं. एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

लडाखला जाणारे विचारतात, तिथे हवा विरळ, मग निदान तेवढ्यापुरता ईजीआर बंद करावा का? लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो हे खरं. पण आधुनिक डिझेल गाडीत बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. उंचीवर कॉम्प्युटर स्वतःच ईजीआर कमी करतो. तुम्ही निघण्यापूर्वी एअर फिल्टर बदला, कूलंट तपासा आणि बाकीचं त्याच्यावर सोडा.

शेवटी एवढंच. गाडीतले बहुतेक भाग मालकासाठी काम करतात. ब्रेक तुम्हाला वाचवतो, एसी तुम्हाला गार ठेवतो. ईजीआर तुमच्यासाठी फारसं काही करत नाही, तो मागे राहणाऱ्यांसाठी काम करतो. म्हणून त्याची बाजू घेणारं गॅरेजमध्ये कुणी नसतं. पुढच्या वेळी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, प्लेट मारू?" तर त्याला सांगा, "साफ कर, गॅस्केट नवं टाक आणि स्कॅनर लावून दाखव." एक-दोन तासांचं काम आहे.

प्रश्न असतील तर व्हिडिओखाली लिहा. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि आलेला कोड जरूर लिहा, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.

जय हिंद.